पूर्वेच्या भिंतीवरचे तीन पाइप

जयमाला आवळेनं पहिली शीट भिंतीवर टाचली, तेव्हा उकिडवे सर चहात बिस्कीट बुडवत होते. ते बिस्कीट वर आलंच नाही.

शीटवर मुलींचं वसतिगृह होतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर उभं असलेलं, लाल विटांचं, तीन मजली, पूर्वेच्या अंगाला खालपासून वरपर्यंत विटांची जाळी असलेलं. साताऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याला राज्यपातळीवरचं पारितोषिक मिळालं होतं, आणि ते उकिडवे सरांचं होतं. शीटच्या डोक्यावर जयमालानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘बांधलेलं आणि वापरलेलं’.

“विषय काय नोंदवला होता हिनं?” सरांनी मला हळूच विचारलं.

“मुलींच्या निवासी वास्तूंचा अभ्यास,” मी म्हणालो.

“अभ्यास,” असं म्हणून सर चमच्यानं बिस्कीट शोधू लागले.

ही एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात पाचव्या वर्षाच्या तोंडी परीक्षा चालू होत्या. परीक्षक तिघं. बाहेरून आलेल्या पुण्याच्या टिपणीसबाई, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या, कानात कापूस घालून बसणाऱ्या. कॉलेजतर्फे स्वतः उकिडवे सर. आणि त्यांच्या शेजारी मी, रत्नाकर मोघे. दुपारी बारापर्यंत मी कॉलेजात शिकवायचो आणि बारानंतर सरांच्या ऑफिसात नकाशे काढायचो. नऊ वर्षं हे चाललं होतं. सकाळी सर मला ‘मोघे सर’ म्हणत आणि दुपारी ‘अरे मोघे’.

भालचंद्र उकिडवे यांच्या कार्डावर नावाखाली तीन ओळी होत्या: वास्तुशिल्पी, चित्रकार, अध्यापक. आर्किटेक्ट म्हणत, चित्रं मात्र सुरेख काढतो. चित्रकार म्हणत, इमारती बऱ्या बांधतो म्हणे. आणि दोघंही म्हणत, शिकवत मात्र उत्तम असणार. शिकवत ते खरंच उत्तम. वर्गात खडू न घेता जात, खिडकीपाशी उभे राहत आणि म्हणत, “रेषा ऐका.” मुलं ऐकत. पहिल्या वर्षाला मीही ऐकली होती. मला तर ती आली होती ऐकू.

चित्रं जलरंगातली. यवतेश्वरचा घाट, कृष्णेचा घाट, जुन्या पेठांमधल्या कमानी, आणि स्वतःच्या इमारती. सगळ्या चित्रांत सकाळची वेळ आणि कुठंही माणूस नाही. एकदा मी धीर करून विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, “माणूस आला की नजर माणसाकडे जाते, मोघे. वास्तू बिचारी मागं पडते.” मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. आज सांगायला लाज वाटते, पण मी त्याखाली रेघही मारली होती.

जयमाला खटाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील एसटीत मेकॅनिक. पाचही वर्षं ती त्याच वसतिगृहात राहिली होती, तिसऱ्या मजल्यावर. वर्गात फारशी बोलायची नाही. रेषा ऐकायला सांगितलं की इतर मुलं डोळे मिटायची, ही खिडकीबाहेर बघायची.

“सुरू कर, बाळ,” टिपणीसबाई म्हणाल्या.

जयमालानं दुसरी शीट लावली. तिच्यावर वसतिगृहाचा आराखडा होता आणि आराखड्यावर लाल शाईनं एक तुटक रेघ. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीपासून निघून, जिन्यावरून उतरून, अंगण ओलांडून ती रेघ पलीकडच्या पडवीत जात होती.

“ही काय वाट?” बाईंनी विचारलं.

“आंघोळीची,” जयमाला म्हणाली. “आणि संडासाचीही. सगळ्या न्हाण्या अंगणापलीकडं आहेत. तिसऱ्या मजल्यावरून जायला एकशे अठरा पावलं आणि चव्वेचाळीस पायऱ्या. एकशे चाळीस मुलींना नऊ न्हाण्या. सकाळी सरासरी पस्तीस मिनिटं रांगेत. मी सात दिवस मोजलं.”

“अंगण उघडं?”

“उघडं. पावसाळ्यात छत्री धरून जावं लागतं. छत्री धरली की बादली एका हातात. शहाबादी फरशी आहे, शेवाळ धरतं. गेल्या पाच वर्षांत सात मुली पडल्या. दुसऱ्या वर्षाच्या शकुंतला ओंबळेचं मनगट मोडलं, तिचं वर्ष गेलं.”

सरांनी घसा साफ केला. “आवळे, हा प्रबंध आहे की तक्रारवही?”

“तक्रारवहीत मापं नसतात,” टिपणीसबाई म्हणाल्या. “हिच्यात आहेत. पुढं बोल.”

सर हसले. त्यांचं हसू छान होतं. वर्तमानपत्रात नेहमी तेच छापून यायचं. “बाई, थोडं स्पष्ट करतो. अंगण ओलांडणं ही ह्या वास्तूची मूळ कल्पना आहे. मुलगी खोलीतून निघते, ऊन अंगावर घेते, आकाश बघते, आणि मग दिवसाला सामोरी जाते. आपल्या जुन्या घरांतून हा अनुभव होता. तो आपण हरवला. मी तो परत दिला.”

“आकाश दिसतं, सर,” जयमाला म्हणाली. “पण ओले केस घेऊन अंगणात उभं असलं की आपणही सगळ्यांना दिसतो. वरच्या रस्त्यावर संध्याकाळी पोरं येऊन बसतात. त्यांना आख्खं अंगण दिसतं. म्हणून बऱ्याच मुली चारनंतर पाणीच पीत नाहीत. डॉक्टरांकडची नोंद मी जोडली आहे, शेवटच्या पानावर.”

बाईंनी शेवटचं पान काढलं आणि वाचत बसल्या. सर माझ्याकडे बघत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं: तू हिचा मार्गदर्शक आहेस, हे तू आधी बघितलं नाहीस? मी बघितलं नव्हतं. जयमाला दोनतीनदा चोपडं घेऊन ऑफिसात आली होती, पण मी सरांच्या चित्रप्रदर्शनाच्या चौकटी करून घेण्यात गुंतलो होतो. तिला म्हणालो होतो, चांगलं चाललंय, चालू दे.

तिसरी शीट जाळीवर होती. ह्याच जाळीला पारितोषिक मिळालं होतं. सकाळचं ऊन तिच्यातून आत शिरलं की व्हरांड्यात ठिपक्यांची रांगोळी पडायची. सरांनी तिचं चित्र काढलं होतं आणि ते कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापलं होतं. जयमालानं त्याच जागेवरून फोटो काढले होते. प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, वर जुन्या साड्या आणि खताची पोती बांधलेली.

“जुलै ते फेब्रुवारी वारा असतो,” ती म्हणाली. “पावसाचं पाणी गादीपर्यंत येतं. पारितोषिकवाले आले होते त्या दिवशी रेक्टरबाईंनी आम्हाला सगळं सोडायला लावलं. ते गेल्यावर परत बांधलं.”

टिपणीसबाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्यांना खोकला आला असावा असं मला त्या वेळी वाटलं.

मग तिनं चौथी शीट लावली.

शीटवर दोन जुने नकाशे शेजारी शेजारी चिकटवलेले होते. निळ्या छापाच्या प्रती, नगरपालिकेच्या दप्तरातून काढलेल्या. डावीकडचा जानेवारीतला. त्यात प्रत्येक मजल्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात न्हाण्या आणि संडास होते. उजवीकडचा एप्रिलमधला. त्यात त्या कोपऱ्यांत खोल्या होत्या आणि न्हाण्या अंगणापलीकडे गेल्या होत्या. दोन्ही नकाशांच्या उजव्या खालच्या चौकटीत, ‘आरेखन’ ह्या शब्दापुढं, माझ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: र. मो.

“दोन्ही नकाशे ह्याच इमारतीचे आहेत,” जयमाला म्हणाली. “पहिला बरोबर होता. तीन महिन्यांत काय झालं, ते मला कुठंच सापडलं नाही. म्हणून ही जागा प्रबंधात कोरी सोडली आहे.”

खरोखरच तिनं एक पान कोरं सोडलं होतं. वर नुसतं ‘कारण’ असं लिहून.

कारण मला माहीत होतं. पहिला नकाशा मी काढला होता, एकट्यानं. सर तेव्हा महिनाभर मुंबईला प्रदर्शनात होते. परत आल्यावर त्यांनी कॉलेज आणि वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना दाखवायला इमारतीचं जलरंगातलं चित्र काढलं. लाल भिंत, जाळी, पहाटेचं ऊन. अध्यक्षांना ते एवढं आवडलं की त्यांनी ते चौकटीत घालून आपल्या दिवाणखान्यात लावलं. मग सरांच्या लक्षात आलं की माझ्या नकाशाप्रमाणं त्या भिंतीवरून सांडपाण्याचे तीन पाइप खाली येणार. चित्रात पाइप नव्हते. सरांनी माझ्या ट्रेसिंगवर त्या तीन रेघांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “मोघे, इथं भिंतीचा श्वास कोंडतोय.” मी म्हणालो, पाइप मागच्या बाजूला घेऊ या का. मागं खडक होता, ते जमत नव्हतं. मग सर म्हणाले, “न्हाण्याच अंगणापलीकडं घे. पडवीत.” चित्र अध्यक्षांच्या भिंतीवर गेलं होतं, ते बदलता येणार नव्हतं. नकाशा बदलता येत होता. मी त्याच रात्री बदलला, आणि खाली र. मो. लिहिलं.

“हे काय झालं, उकिडवे?” टिपणीसबाईंनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, नकाशांजवळ गेले, वाकून पाहिलं. जणू पहिल्यांदाच पाहत होते. बराच वेळ पाहिलं. मग एक दीर्घ श्वास घेऊन वळले. दुखावलेल्या माणसाचा चेहरा मी नऊ वर्षांत त्यांच्याकडून एवढा चांगला वठलेला कधी पाहिला नव्हता.

“बाई, मला हे आजच कळतंय,” ते म्हणाले. “मी त्या काळात प्रदर्शनांत अडकलेलो होतो. सगळं सहाय्यकांवर सोडलेलं. आरेखनात गफलत झालेली दिसते.”

“मघाशी ती मूळ कल्पना होती,” बाई म्हणाल्या.

“कल्पना अंगणाची होती. न्हाण्या तिथं जायला नको होत्या.” सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मोघे आपलाच माणूस आहे, हुशार आहे. तेव्हा नवीन होता. होतं असं.”

तिघंही माझ्याकडे बघू लागले.

अशा वेळी माणसाच्या मनात मोठे विचार येतात असं म्हणतात. माझ्या मनात पाटी आली. गुढीपाडव्याला सरांनी मला सांगितलं होतं की आता ऑफिसवर ‘उकिडवे आणि मोघे’ अशी पाटी लावायची. पाटी रंगवायला दिली होती. मी दोनदा पेंटरकडे जाऊन बघून आलो होतो. ‘उकिडवे आणि’ एवढं रंगवून झालं होतं. माझं नाव खडूनं आखलेलं होतं. मी ‘नाही’ म्हणालो असतो, तर ते ओल्या फडक्यानं एका झटक्यात पुसता आलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “चूक माझीच आहे.”

सरांनी माझा खांदा दाबला. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो: हलकं वाटलं. आपण गुरूसाठी काही सोसलं असं वाटलं.

“म्हणजे ही चूक होती,” जयमाला म्हणाली. तिनं हातातली पेन्सिल कानामागं खोवली. “हेतू नव्हता.”

“चूकच,” सर म्हणाले. “निखालस चूक. तू ती शोधलीस ह्याचं मला कौतुक आहे. कोऱ्या पानावर लिही: आरेखनातील चूक. विषय संपला.”

“नाही, सर. एक शीट राहिली आहे.”

तिनं पाचवी शीट लावली. तिच्यावर वसतिगृहाची पूर्वेची भिंत होती, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत तीन पाइप. प्रत्येक मजल्यावरची कोपऱ्यातली एक खोली काढून तिथं सहा न्हाण्या आणि चार संडास बसवले होते. पाण्याची टाकी कुठं, उतार किती, कुठल्या भिंतीला धक्का लागणार नाही, सगळं मांडलेलं. जाळीला आतून काचेची झडप होती.

“हे दुरुस्तीचं काम आहे,” ती म्हणाली. “संस्थेकडे इमारत निधी पडून आहे. मी आणि रेक्टरबाई अध्यक्षांना दोनदा भेटलो. ते म्हणाले, ही पारितोषिक मिळालेली कलाकृती आहे. कलाकाराच्या परवानगीशिवाय मी तिला हात लावणार नाही.”

“बरोबर आहे त्यांचं,” सर घाईनं म्हणाले.

“पण आता ती कलाकृती नाही ना, सर. चूक आहे. तुम्हीच म्हणालात. मग मोघे सरांनी चूक केली, तर मोघे सरांनीच ती दुरुस्त करून द्यावी.”

सरांची अडचण मला दिसत होती. पाइप नकोत म्हणावं, तर ती चूक नव्हती असं होणार. चूक नव्हती, तर ती कोणाची होती, हे सांगावं लागणार.

“पूर्वेची बाजू…” ते म्हणाले. “तिथं, म्हणजे… सकाळचं ऊन…”

“पाइपांवरही पडेल,” टिपणीसबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून जाड टाकाचं पेन काढलं, परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद पुढं ओढला आणि मोठ्यानं वाचत लिहू लागल्या. मूळ आरेखनात चूक झाल्याचं वास्तुशिल्पी श्री. उकिडवे व सहाय्यक श्री. मोघे यांनी परीक्षकांसमोर मान्य केलं आहे. विद्यार्थिनीची दुरुस्तीची योजना योग्य आहे. संस्थेनं ती श्री. मोघे यांच्याकडून करवून घ्यावी, त्यास श्री. उकिडवे यांची हरकत नाही.

त्यांनी कागद सरांपुढं सरकवला. “सही.”

सरांची सही प्रसिद्ध होती. चित्राच्या कोपऱ्यात वेलीसारखी वळत जायची. त्या दिवशी ती मला शाळकरी पोराच्या सहीसारखी दिसली. मग मी सही केली. माझी आधीच दोन नकाशांवर झाली होती, हात बसलेला होता.

जयमालाला एकूण गुणांत दुसरा नंबर मिळाला. पहिला एका मुलाला गेला. त्यानं ध्यानमंदिर केलं होतं.

जूनपासून डिसेंबरपर्यंत मी ते काम केलं. सर ऑफिसात माझ्याशी चिठ्ठ्यांमधून बोलत. पाटी लागली नाही. पेंटरला विचारलं तर म्हणाला, सरांनी थांबायला सांगितलंय. पुढं तो ‘उकिडवे आणि’ अशीच पाटी दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून तिच्यावर ब्रश पुसू लागला.

काम चालू असताना सर एकदाच तिथं आले. अंगणात उभं राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तीन ओतीव लोखंडी पाइप, काळे, सरळ. मी नुकताच त्यांना डांबरी रंग दिला होता.

“निदान विटांच्या रंगाचे करायचे होतेस,” सर म्हणाले.

“मुलींना विचारलं होतं,” मी म्हणालो. “त्या म्हणाल्या, दिसू देत.”

सर पुन्हा वर, पाइपांकडे बघू लागले. मला त्यांची दया आली, आणि हेही सांगायला हवं की मला थोडी मजाही वाटली. नऊ वर्षांत त्यांच्यापुढं मला कधी मजा वाटली नव्हती.

डिसेंबरात पाणी सोडलं. मुली राहायला आल्या होत्या, पुरुषांना आता वर जायला बंदी होती, म्हणून मी अंगणात थांबलो. रेक्टरबाईंनी वरून हाक मारली, “मोघे, सोडलं हो.” मग तिसऱ्या मजल्यावर एकदम दहाबारा बादल्या ओतल्यासारखा आवाज झाला, तो पाइपातून घरंगळत खाली आला, माझ्या पायाखालून गटारात गेला. पाठोपाठ दुसऱ्या मजल्याचा. मग पहिल्याचा. वर मुली कशाला तरी हसत होत्या. माझ्या हातून झालेलं एवढं चांगलं काम चालू झालेलं मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं.

त्यानंतर सरांनी मला मोठ्या मायेनं सांगितलं की आता तू स्वतःच्या पायांवर उभं राहायला हवंस. कॉलेजातही माझे तास कमी झाले आणि मग उरले नाहीत. मी कोरेगावला एका पिठाच्या गिरणीवर खोली घेऊन ऑफिस थाटलं. पहिलं काम आलं ते एका शाळेच्या संडासांचं. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी कोणाला तरी सांगितलं होतं. मग दुसऱ्या शाळेचं आलं, मग एसटी स्टँडचं, मग आश्रमशाळांचं. पंचवीस वर्षांत मी तीन जिल्ह्यांत तीनशेच्या वर संडास-न्हाण्या बांधल्या. लोक मला ‘मोरीवाले मोघे’ म्हणतात. माझ्या कार्डावर एकच ओळ आहे. बायको म्हणते, तीही जास्त आहे.

सर मोठे होत गेले. सत्तरीनिमित्त त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पुण्यात भरलं, तेव्हा मी गेलो होतो. वसतिगृहाचं नवं चित्र होतं. लाल भिंत, जाळी, पहाटेचं ऊन. पाइप नव्हते. मी चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. आधी काढून मग पुसले असतील असंही दिसत नव्हतं.

पुढं सर गेले, आणि त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. मी धाडसी माणूस आहे असं लोक बोलू लागले. कसं सुरू झालं कोण जाणे. टिपणीसबाईंनी पुण्यात कोणाला काही सांगितलं असेल, त्यानं आणखी कोणाला. गोष्टीत मी भर परीक्षेत उठून उभा राहिलो होतो. एका आवृत्तीत तर मी सरांच्या हातात राजीनामा दिला होता. मी सुरुवातीला म्हणायचो, अहो तसं नव्हतं. त्यावर लोक म्हणायचे, विनयही आहे. मग मी म्हणायचं सोडून दिलं.

दोन हजार चौदामध्ये कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि एक मानपत्र. मानपत्रात लिहिलं होतं, ‘गुरूपेक्षा सत्याला मोठं मानणारे’. ते एका तरुण अध्यापकानं गंभीर आवाजात वाचलं. मी खाली मान घालून ऐकलं. ती लाज होती, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना नम्रता वाटली.

समोर तिसऱ्या रांगेत जयमाला बसली होती. केस पांढरे झाले होते. ती सरकारी नोकरीत बरीच वर चढली होती. राज्यातल्या निवासी शाळांचे आराखडे तिच्या टेबलावरून जात. अधूनमधून फोन यायचा, मोघे सर, अमुक ठिकाणी उताराचं काय करावं. पण त्या परीक्षेबद्दल आम्ही दोघं तेवीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो.

जेवताना ती ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी हातातला घास ताटात ठेवला.

“जयमाला,” मी म्हणालो, “तू होतीस तिथं. तुला माहीत आहे मी काय बोललो होतो.”

“चूक माझीच आहे, म्हणालात.”

“ती माझी नव्हती.”

“माहीत आहे, सर. तुमच्या ऑफिसातल्या पोऱ्यानं मला आधीच सांगितलं होतं. उकिडवे सरांनी अंगठा ठेवला होता म्हणाला. चहा घेऊन आला होता तो, त्यानं पाहिलं.”

“मग ते तू प्रबंधात का नाही लिहिलंस? पान कोरं का सोडलंस?”

तिनं वरणभात कालवला. मला वाटतं ती हे सांगावं की नाही याचा विचार करत होती.

“लिहिलं असतं तर सर भांडले असते,” ती म्हणाली. “म्हणाले असते, होय, मीच नेल्या न्हाण्या, तो माझा विचार आहे. कलाकाराचा विचार म्हटलं की अध्यक्षांनी वीटही हलवू दिली नसती. मला ती चूक ठरवून हवी होती. सरांच्या तोंडून. आणि सर स्वतःची चूक कधी म्हणणार नाहीत. दुसऱ्याची म्हणतील. म्हणून आधी तो दुसरा माणूस शोधावा लागला.”

“आणि तो मी.”

“नकाशावर नाव होतं तुमचं.”

“आणि मी तिथं खरं बोललो असतो तर? सरळ सांगितलं असतं की मी नाही, ह्यांनी केलं?”

“तर सगळं फसलं असतं. मी नापासही झाले असते कदाचित. मुली अजून अंगणातून चालल्या असत्या.” तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत कसलीही थट्टा नव्हती. “पण त्याची मला काळजी नव्हती, सर. पाच वर्षं तुमच्या वर्गात बसले होते. तुम्ही खरं बोलणार नाही याची मला पूर्ण खात्री होती.”

हे ती इतक्या आदरानं म्हणाली की मी तिचे आभार मानले.